पुस्तकातलं गाव शोधत पिरॅमिडपर्यंत

मेक्सिकोत चिचेन इत्झाला, कुकुल्कानच्या पिरॅमिडसमोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून परत येणारा आवाज टाळीसारखा नसतो. पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा असतो. केत्साल पक्षी असाच ओरडतो, असं तिथले गाईड सांगतात. त्यामुळे त्या मैदानात दिवसभर टाळ्या चालू असतात. गाईड पर्यटकांना हिशोबही करून दाखवतात: चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, म्हणजे ३६४, आणि वरचा चौथरा धरून ३६५. झालं वर्ष.

याच मैदानात कधीकधी एक वेगळा गट दिसतो. टाळ्या वाजवून झाल्या की ही मंडळी झाडाच्या सावलीत बसतात, निळ्या कव्हरचं पुस्तक उघडतात आणि त्यातला एक उतारा मोठ्याने वाचतात. उतारा असतो येशू ख्रिस्ताचा. क्रुसावर मरण येऊन, पुन्हा जिवंत होऊन, तो अमेरिका खंडात आकाशातून कसा उतरला आणि देवळापाशी जमलेल्या लोकांना त्याने आपल्या हातापायांवरच्या खिळ्यांच्या खुणा कशा दाखवल्या, त्याचा. ऐकताना एखाद्याचे डोळे भरून येतात.

हे मॉर्मन भाविक. हल्ली त्यांना हे नाव फारसं आवडत नाही. २०१८ पासून त्यांच्या चर्चचा आग्रह आहे की ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं पूर्ण नाव घ्या. एवढं लांब नाव दर वेळी लिहिणं माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून या लेखापुरतं जुनंच नाव वापरतो. मुख्यालय अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला, जगभरात सभासद १.७ कोटींच्या वर. चहा-कॉफी आणि दारू वर्ज्य, रविवारी प्रार्थना चुकवायची नाही. अशी माणसं मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातले भग्न पिरॅमिड बघायला टूर काढून का जातात, हे समजून घ्यायचं तर आधी ते निळं पुस्तक समजायला हवं.

सोन्याचे पत्रे

जोसेफ स्मिथ हा न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावाजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८०५ चा. त्याच्या सांगण्यानुसार १८२३ मध्ये मोरोनाय नावाचा देवदूत त्याला दिसला. जवळच्या टेकडीत सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला एक प्राचीन ग्रंथ पुरलेला आहे, असं त्या देवदूताने सांगितलं. १८२७ मध्ये स्मिथला ते पत्रे मिळाले. त्यांवरची लिपी ‘सुधारित इजिप्शियन’ होती. दैवी साधनांच्या मदतीने त्याने मजकूर इंग्रजीत सांगितला, इतरांनी लिहून घेतला आणि काम झाल्यावर पत्रे देवदूताने परत नेले. मार्च १८३० मध्ये पाल्मायरातच ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या ५,००० प्रती छापल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात चर्चची स्थापना झाली.

पुस्तकातली कथा थोडक्यात अशी. इ.स.पू. ६०० च्या सुमारास जेरुसलेममधला लीहाय नावाचा संदेष्टा, शहराचा नाश होणार असा देवाचा इशारा मिळाल्यावर कुटुंबकबिल्यासह निघतो. अरबस्तानाचं वाळवंट पार करून, जहाज बांधून तो समुद्रापलीकडच्या ‘वचन दिलेल्या भूमी’त पोचतो. त्याच्या मुलांमध्ये भाऊबंदकी होते. धाकट्या नीफायचे वंशज ते नीफाइट, थोरल्या लेमनचे ते लेमनाइट. हजार वर्षं हे दोन समाज कधी भांडत, कधी एक होत नांदतात. शहरं उभी राहतात. झाराहेम्ला ही त्यांची मोठी राजधानी. येशूला क्रुसावर दिलं त्या वेळी इथे भूकंप-वादळं होतात, तीन दिवस अंधार पडतो, काही शहरं पाण्याखाली जातात आणि मग येशू स्वतः प्रकट होतो. त्यानंतर दोनेक शतकं सुखाची. पुढे पुन्हा वैर, आणि इ.स. ३८५ च्या सुमारास क्युमोरा टेकडीजवळ शेवटची लढाई, तीत २,३०,००० नीफाइट मारले जातात. या साऱ्याचा ग्रंथ संकलित करणारा मॉर्मन. त्याचा मुलगा मोरोनाय शेवटची नोंद करून इ.स. ४२१ च्या आसपास पत्रे पुरून ठेवतो. पुढे देवदूत होऊन येतो तो हाच.

म्हणजे या धर्माचा मुख्य ग्रंथ एका विशिष्ट भूमीचा, सनावळीसकटचा इतिहास असल्याचं सांगतो. त्यात नद्या आहेत, डोंगर आहेत, एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचायला किती दिवस लागले ते आहे. फक्त नकाशा नाही. आणि ज्या श्रद्धेला भूगोल आहे पण नकाशा नाही, तिथला भाविक तो नकाशा शोधायला निघणारच.

आपल्याला यात परकं काही वाटायचं कारण नाही. मुंबई-पुण्याहून श्रीलंकेला रामायण-यात्रा निघतात आणि नुवारा एलियाला सीता अम्मन मंदिराशी लोक अशोकवाटिका म्हणून हात जोडतात. नाशिकची पांडवलेणी ही सातवाहन-क्षत्रपांच्या काळातली बौद्ध लेणी. आतल्या ब्राह्मी शिलालेखांत गौतमी बलश्रीच्या दानाची नोंद आहे, पांडवांची नाही. पण नाव पांडवांचंच राहिलं. दगड एका काळाचा आणि गोष्ट दुसऱ्या काळाची, हे आपण रोज बघतो.

मेक्सिको मध्येच कुठून आलं?

सुरुवातीच्या मॉर्मन लोकांना भूगोलाची चिंता नव्हती. उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून हीच ती भूमी, पनामाची संयोगभूमी म्हणजे पुस्तकातली ‘अरुंद मान’, असा साधा हिशोब होता. १८७९ च्या आवृत्तीत ऑर्सन प्रॅट या धर्मनेत्याने तळटिपा घातल्या, त्यांत लीहाय चिलीच्या किनाऱ्यावर उतरल्याचं होतं. १९२० च्या आवृत्तीत त्या टिपा काढून टाकल्या.

पण त्याच्याही आधी, १८४१ मध्ये, अमेरिकन प्रवासी जॉन लॉइड स्टीफन्सचं मध्य अमेरिकेतल्या प्रवासाचं पुस्तक आलं होतं. त्यात तिथल्या प्राचीन माया लोकांच्या शहरांची, फ्रेडरिक कॅदरवुडने काढलेली चित्रं होती: कोपानचे कोरीव स्तंभ, पालेंकेचे राजवाडे, वेलींनी गिळलेली देवळं. इंग्रजी वाचणाऱ्या जगाने असं काही पाहिलंच नव्हतं. मॉर्मन लोक तेव्हा इलिनॉय राज्यातल्या नॉवू गावात होते. त्यांच्या वर्तमानपत्रात १८४२ मध्ये या पुस्तकातले उतारे छापले गेले आणि एका लेखात तर ग्वाटेमालातल्या किरिग्वाचे अवशेष झाराहेम्लाच्या संदर्भात सांगितले गेले. तेव्हा त्या पत्राच्या संपादकपदावर नाव खुद्द जोसेफ स्मिथचं होतं. आजच्या टूरचं बी पेरलं गेलं ते इथे.

यातली एक गंमत मला फार आवडते. त्या काळच्या अमेरिकेत पक्का समज होता की असं भव्य बांधकाम करणं ‘इंडियन’ लोकांना शक्यच नाही. ते कुठल्यातरी हरवलेल्या, बाहेरून आलेल्या जमातीचं काम असणार. स्टीफन्सने मात्र नेमकं उलट लिहिलं. हे सगळं इथल्याच लोकांच्या पूर्वजांनी बांधलं, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या पुस्तकाने मॉर्मन लोकांना मायांच्या देवळांचा रस्ता दाखवला, त्यातच त्यांच्या कथेला न जुळणारं उत्तर लिहिलेलं होतं.

विसाव्या शतकात ‘दोन्ही खंड’वाली कल्पना मागे पडली. पुस्तकातली अंतरं मोजली तर सगळा कारभार काहीशे मैलांत आटोपतो, हे मॉर्मन अभ्यासकांच्याच लक्षात आलं. त्यांतलं सर्वांत वजनदार नाव चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जॉन सोरेन्सन यांचं. १९८५ च्या त्यांच्या ग्रंथात ‘अरुंद मान’ म्हणजे दक्षिण मेक्सिकोतली तेवान्तेपेकची संयोगभूमी, सिदोन नदी म्हणजे चियापासमधली ग्रिहाल्व्हा, नीफायचं शहर म्हणजे ग्वाटेमाला सिटीत असलेलं कामिनालहुयू, अशी मांडणी आहे. अडचण एकच, पण मोठी: तेवान्तेपेकला जमिनीची मान पूर्व-पश्चिम आहे आणि पुस्तकात ती उत्तर-दक्षिण. म्हणून सोरेन्सन यांना पुस्तकातली ‘उत्तर’ दिशा बरीच कलती करून घ्यावी लागली.

आणि क्युमोरा टेकडीचं काय? स्मिथला पत्रे मिळाले त्या न्यूयॉर्कमधल्या टेकडीचंही तेच नाव. यावर उत्तर असं की टेकड्या दोन. लढाई झाली ती मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागातली. पत्रे सापडले ती न्यूयॉर्कमधली. मधल्या ३६ वर्षांत मोरोनाय पत्रे घेऊन चालत तिकडे गेला असणार.

हे मॉर्मनांमधल्याच एका गटाला मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते सगळं घडलं ते अमेरिकेतच, ओहायो-इलिनॉयच्या पट्ट्यात. तिथल्या होपवेल संस्कृतीचे मातीचे भव्य बांध आणि टेकाडं दाखवणाऱ्या टूर हा गट काढतो. दोन्ही बाजूंचे भांडण ऐकताना आपल्याकडच्या जन्मस्थळाच्या वादांची आठवण होते, फक्त आवाज जरा खालच्या पट्टीत.

टूरवर काय होतं

या टूर चर्च काढत नाही, खासगी कंपन्या काढतात. दहा-बारा दिवस, वातानुकूलित बस, सोबत स्थानिक गाईड आणि त्याच्या जोडीला धर्मग्रंथ जाणणारा एक मार्गदर्शक. हा मार्गदर्शक बऱ्याचदा निवृत्त प्राध्यापक असतो. काही जण यासाठी क्रूझ जहाजही घेतात. मेक्सिको सिटीचं मानववंशशास्त्र संग्रहालय, तेओतिवाकान, वहाकाजवळचं मोन्ते आल्बान, ओल्मेक लोकांची दगडी मुंडकी, पालेंके, चिचेन इत्झा, तुलुम, ग्वाटेमालात तिकाल आणि अतित्लान सरोवर असे थांबे असतात. रविवारी गावातल्या मॉर्मन प्रार्थनागृहात स्थानिक लोकांसोबत पाव आणि पाण्याचा प्रसाद. वाइन नाही. मेक्सिको सिटीचं मॉर्मन मंदिरही बघण्यासारखं आहे: १९८३ मध्ये झालेली ही इमारत माया शैलीत बांधली आहे. म्हणजे आधी पुस्तकाला पिरॅमिड जोडले आणि मग पिरॅमिडसारखं मंदिर बांधलं.

स्थानिक गाईड सांगतो ते एक, त्यानंतर मार्गदर्शक सांगतो ते दुसरं, आणि प्रवासी दोन्ही वहीत उतरवून घेतात. मार्गदर्शकाकडे काही हुकमी जागा असतात. पुस्तकात सिमेंटच्या घरांचा उल्लेख आहे. तेओतिवाकानला चुन्याचा गिलावा आणि पक्क्या फरशा दिसतात. पुस्तकात राजरस्ते आहेत. मायांचे ‘साकबे’ म्हणजे पांढरे रस्ते जंगलातून सरळ धावतात, त्यातला कोबा ते याशुना हा तर सुमारे १०० किलोमीटरचा. पुस्तकात येशूच्या मृत्यूच्या वेळी काही शहरं बुडतात. अतित्लान सरोवराच्या तळाशी सामाबाह ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची वस्ती खरोखरच बुडालेली आहे. हे सगळे अवशेष खरे आहेत. रस्ते आणि चुना जगातल्या कितीतरी संस्कृतींत होते, एवढंच मार्गदर्शक सहसा जोडत नाही.

हुकमाचा एक्का मात्र केत्सालकोआत्ल. पिसांचा साप असलेला हा देव. मायांकडे त्यालाच कुकुल्कान म्हणतात. लोकप्रिय गोष्ट अशी की तो गोरा, दाढीवाला होता, सज्जनांना उपदेश करून समुद्रापार गेला आणि परत येण्याचं वचन देऊन गेला. मॉर्मन चर्चचे तिसरे अध्यक्ष जॉन टेलर यांनी १८८२ मध्येच लिहिलं होतं की या देवाची कथा येशूच्या कथेशी इतकी जुळते की दोघे एकच असले पाहिजेत. पिरॅमिडच्या पायथ्याशी सापाचं दगडी मुंडकं दाखवून मार्गदर्शक बायबलातल्या मोशेच्या पितळी सापाची, ज्याच्याकडे बघून सर्पदंश झालेले वाचले त्याची, आठवण करून देतो, आणि गटात शांतता पसरते.

आता या गोष्टीचे धागे सोडवू. गोऱ्या, दाढीवाल्या, परतणाऱ्या देवाचं वर्णन आपल्याला मिळतं ते मुख्यतः स्पॅनिश विजयानंतरच्या लिखाणातून. ते लिहिणारे धर्मप्रसारक होते, किंवा त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक. स्थानिक देवात प्रेषिताची छाया शोधण्याचं त्यांना कारण होतं. विजयापूर्वीच्या शिल्पांत हा देव साप आहे, वारा आहे, शुक्रतारा आहे. शिवाय तुला शहराच्या एका पुजारी-राजाचंही हेच नाव होतं, त्याच्या आणि देवाच्या कथा एकमेकींत मिसळल्या. ब्रँट गार्डनरसारख्या मॉर्मन अभ्यासकानेही हा दुवा टिकणारा नाही, असं दाखवलं आहे. बसमध्ये तो अजून टिकून आहे.

डोळ्यांपुढे चित्र आधीच तयार असतं, हेही आहे. १९५० च्या दशकात अर्नल्ड फ्रिबर्ग या चित्रकाराने बुक ऑफ मॉर्मनसाठी बारा चित्रं काढली: पिळदार दंडांचे वीर, मागे माया धाटणीची देवळं. ही चित्रं पुस्तकाच्या लाखो प्रतींतून घराघरांत गेली. आपल्या देवादिकांचे चेहरे जसे राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी ठरवले, तसंच हे. युटातलं मूल लहानपणापासून नीफायला पिरॅमिडजवळच बघत आलेलं असतं. चिचेन इत्झाला पोचल्यावर त्याला ओळख पटते, आणि ओळख पटणं हाच त्याला पुरावा वाटतो.

तारखेचा पेच

आता आपण पुन्हा त्या सावलीत बसलेल्या गटाकडे येऊ. पुस्तकातली लीहायची कथा इ.स.पू. ६०० ला सुरू होऊन इ.स. ४२१ ला संपते. समोरचा पिरॅमिड साधारण नवव्या ते अकराव्या शतकातला. म्हणजे पुस्तकातला शेवटचा माणूस गेल्यावर चार-पाच शतकांनी चढलेले हे दगड.

बाकीच्या थांब्यांनाही हाच हिशोब लावून बघा. पालेंकेचा पाकाल राजा ६१५ मध्ये गादीवर बसला आणि ६८३ मध्ये वारला. पुरातत्त्वज्ञ अल्बेर्तो रुस यांना १९५२ मध्ये त्याची कबर मिळाली. तिचं झाकण लीहायला स्वप्नात दिसलेला ‘जीवनवृक्ष’ म्हणून टूरवर फार आवडीने दाखवतात. तिकालचं ते प्रसिद्ध पहिलं मंदिर आठव्या शतकातलं. समुद्राकाठचं तुलुम तर तेराव्या-पंधराव्या शतकांमधलं, म्हणजे आपल्याकडे देवगिरीचे यादव ते बहमनी. जिथे फोटो चांगले येतात, तिथे तारीख जुळत नाही.

तारखेने जुळणाऱ्या जागा आहेत. तेओतिवाकानचा ६५ मीटर उंचीचा सूर्य-पिरॅमिड इ.स. २०० च्या सुमाराचा. मोन्ते आल्बान इ.स.पू. ५०० च्या आसपास वसलं. या दोन्ही टूरवर असतात. पण सोरेन्सन यांच्या नकाशातला खरा गाभा आहे तो चियापास आणि ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात, आणि तिथे बघायला उरलंय काय? कामिनालहुयूवर ग्वाटेमाला सिटी पसरली. शिल्लक टेकाडांपैकी काही उद्यानात आणि काही शॉपिंग मॉलच्या शेजारी. चियापा दे कोर्सोला गवताने झाकलेले उंचवटे. ग्वाटेमालाच्या उत्तरेला एल मिरादोर नावाचं खरोखर प्रचंड शहर त्या काळातलं आहे, त्यातला ला दांता पिरॅमिड ७२ मीटरचा, पण तिथे पोचायला जंगलातून काही दिवसांची पायपीट किंवा हेलिकॉप्टर. गुडघे दुखणाऱ्या निवृत्त प्रवाशांच्या बसला ते जमणारं नाही.

म्हणून मार्गदर्शक मधला मार्ग काढतात: ‘हे देऊळ नंतरचं असेल, पण नीफाइटांची देवळं अशीच दिसत असतील.’ ऐकायला वाजवी वाटतं. पुराव्याच्या जागी उपमा येऊन बसली, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

तारखेपलीकडचे आक्षेप लवकर सांगून टाकतो. पुस्तकात घोडे, रथ, पोलाद, गहू आहेत. अमेरिकेतले मूळ घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झाले आणि मेक्सिकोच्या भूमीवर पुन्हा आले ते १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या जहाजांतून. मध्य अमेरिकेत त्या काळात पोलाद वितळवल्याच्या खुणा नाहीत. चाकं खेळण्यांना होती, गाड्यांना नव्हती. माया लिपी १९५२ नंतर, सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव्हने वाट दाखवल्यावर, हळूहळू वाचता आली. तीत राजांची नावं, लढाया, राज्यारोहणाचे दिवस आहेत. नीफाय कुठेच नाही, हिब्रूही नाही. गुणसूत्रांचा अभ्यास सांगतो की अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी ईशान्य आशियातून आले. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेला तर इतकी विचारणा होत असे की बुक ऑफ मॉर्मनचा शास्त्रीय मार्गदर्शक म्हणून आम्ही कधीही वापर केलेला नाही, असं पत्रच तिने तयार ठेवलं होतं.

चर्चने यातलं बरंच शांतपणे सामावून घेतलं. १९८१ च्या प्रस्तावनेत लेमनाइट हे अमेरिकन इंडियनांचे ‘प्रमुख पूर्वज’ होते, असं होतं. २००७ च्या सुमारास ते ‘पूर्वजांपैकी’ झाले. २०१४ मध्ये चर्चने स्पष्टीकरण दिलं की छोट्या गटाची गुणसूत्रं मोठ्या लोकसंख्येत विरून जाऊ शकतात. आणि २०१९ मध्ये सरळच जाहीर केलं की या घटना नेमक्या कुठे घडल्या याबद्दल चर्चची काहीही भूमिका नाही. सभासदांनी आपापली मतं जरूर ठेवावीत, पण चर्चच्या नावाने सांगू नयेत.

म्हणजे ज्या जागा दाखवायला या टूर निघतात, त्या जागांची जबाबदारी घ्यायला खुद्द चर्च तयार नाही.

पुरावा शोधायला गेलेला वकील

या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत लक्षात राहणारं माणूस म्हणजे थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन. कॅलिफोर्नियातला वकील, श्रद्धाळू, उत्साही. त्याचं म्हणणं वकिली थाटाचं होतं: पुस्तक खरं असेल तर जमिनीत पुरावा असणारच, मग खणा. १९५२ मध्ये त्याने ‘न्यू वर्ल्ड आर्किऑलॉजिकल फाउंडेशन’ उभं केलं. आल्फ्रेड किडर आणि गॉर्डन विली या नामवंत, मॉर्मन नसलेल्या पुरातत्त्वज्ञांना सल्ल्याला घेतलं. चर्चकडून पैसे मिळवले. चियापासमध्ये उत्खनन सुरू झालं.

पुढे जे झालं ते फार सुंदर आहे. संस्थेने नियम केला की अहवालात बुक ऑफ मॉर्मनशी काही जुळवायचं नाही, फक्त पुरातत्त्व. आणि त्या शिस्तीतून चियापा दे कोर्सो, इसापा अशा स्थळांवर इतकं चांगलं काम झालं की त्या प्रदेशाचा इ.स. पूर्वीचा इतिहास आज आपल्याला माहीत आहे तो बऱ्याच अंशी या संस्थेमुळे. पैसा श्रद्धेचा होता आणि त्यातून उभं राहिलं ते निखळ शास्त्र.

फर्ग्युसनला हवं होतं ते मात्र सापडलं नाही. ना घोडा, ना पोलाद, ना गहू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ स्मिथच्या दुसऱ्या एका ग्रंथाशी निगडित इजिप्शियन पपायरस संग्रहालयातून पुन्हा उजेडात आले आणि त्यांवरचा मजकूर स्मिथने सांगितलेल्या भाषांतराशी जुळेना, तेव्हा फर्ग्युसनच्या विश्वासाला दुसरा धक्का बसला. १९७५ मध्ये त्याने आपला निष्कर्ष कागदावर लिहिला: पुस्तकातल्या वनस्पती, प्राणी, धातू, लिपी यांना जमिनीत आधार मिळत नाही. तरीही तो चर्चला जात राहिला. १९८३ मध्ये तो वारला.

इसापाचा पाचवा शिलास्तंभ हीच गोष्ट लहान आकारात सांगतो. ग्वाटेमालाच्या सीमेजवळ, तापाचुला शहराच्या बाजूला हे स्थळ आहे. त्या दगडावर एक मोठं झाड आणि भोवती बसलेली माणसं कोरली आहेत. १९५० च्या दशकात ब्रिगम यंग विद्यापीठातले वेल्स जेकमन यांनी जाहीर केलं की हे लीहायला पडलेल्या जीवनवृक्षाच्या स्वप्नाचंच शिल्प आहे. पुढे कित्येक वर्षं मॉर्मन घरांत या दगडाच्या प्रतिकृती भिंतीवर होत्या. १९९९ मध्ये जॉन क्लार्क यांनी झिजलेल्या रेषा बारकाईने तपासून नवं रेखाटन केलं आणि लिहिलं की हे लीहायचं स्वप्न नाही, तिथल्याच धर्मकल्पनांचं चित्र आहे. क्लार्क स्वतः मॉर्मन, आणि फर्ग्युसनच्याच संस्थेचे संचालक.

आणि पूर्वज ज्यांचे, ते?

एवढ्या चर्चेत तिथल्या माणसांना कुणी विचारलं का? सोपं उत्तर देता येणार नाही. एका बाजूने बघितलं तर माया स्त्रीला असं सांगणं, की तुझ्या पणजोबांनी बांधलेलं देऊळ खरं तर जेरुसलेमहून आलेल्यांचं, हे तिचं श्रेय काढून घेणं आहे. तेही अशा पुस्तकाच्या आधाराने, ज्यात लेमनाइटांची काळवंडलेली कातडी हा शाप म्हणून येते. त्या ओळीवर चर्चमध्येही बरीच अस्वस्थता आहे.

पण मेक्सिकोतल्या अनेक मॉर्मनांनी तीच गोष्ट उलटी धरली. पुस्तकात लेमनाइटांना मोठी वचनं दिलेली आहेत. मग आम्ही देवाचे निवडलेले, तुम्ही गोरे नंतर आलात. मार्गारितो बाउतिस्ता या मेक्सिकन मॉर्मनने १९३५ मध्ये याच भूमिकेचं जाडजूड पुस्तक लिहिलं. १९३६ मध्ये तिथल्या सभासदांच्या एका मोठ्या गटाने आमचा प्रमुख आमच्याच रक्ताचा हवा, अशी मागणी करत चर्चपासून फारकत घेतली. ‘तिसरं अधिवेशन’ या नावाने ओळखली जाणारी ही फूट दहा वर्षं टिकली आणि १९४६ मध्ये मिटली. बाहेरून लादलेली वंशावळ वापरून बाहेरच्यांनाच जाब विचारणं, हे त्या लोकांना छान जमलं.

अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला मॉर्मन शेजाऱ्याकडून अशा टूरचं आमंत्रण आलं, तर मी म्हणेन, जा. स्थळांची निवड चांगली असते आणि सोबतची माणसं अगत्याची असतात. फक्त प्रत्येक दगडापाशी एक प्रश्न मनात विचारा: हा कोणत्या शतकातला? स्थानिक गाईडचं बोलणं सोडू नका. चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर चढायला आता बंदी आहे, त्यामुळे खालीच वेळ मिळतो.

एक जागा मात्र तुम्हाला दाखवता येणार नाही. सोरेन्सन यांच्या नकाशात झाराहेम्ला, ती पुस्तकातली मोठी राजधानी, म्हणजे ग्रिहाल्व्हा नदीकाठचं सान्ता रोसा नावाचं स्थळ. फर्ग्युसनच्या संस्थेने तिथे उत्खनन केलं, मातीची भांडी, इमारतींचे पाये, सगळ्याच्या नोंदी केल्या, अहवाल छापले. मग १९७० च्या दशकात खाली आंगोस्तुराचं धरण पूर्ण झालं आणि फुगवट्याचं पाणी त्या टेकाडांवरून गेलं. नकाशावर आता तिथे निळा रंग आहे.